लेस जुनी की जुनी केलेली?

प्रश्न : ताई, नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं ब्रसेल्सला आहोत. इथे जू द बाल चौकात रोज जुना बाजार भरतो, तिथून लेसचा एक पट्टा घेतला, वीतभर रुंद आणि दोनेक मीटर लांब, बारीक जाळीवर फुलं-पानं. विकणारे आजोबा म्हणाले १७५० ची आहे, हाताची आणि इथलीच. ४० युरो दिले. नवरा म्हणतो फसलीस. पुढचे-मागचे दोन्ही फोटो पाठवतेय, खरं काय ते सांगा.

उत्तर : मागचे फोटो पाठवलेत म्हणून आधी शंभरपैकी शंभर मार्क, नाहीतर लोक टेबलावर पसरून लांबून एक फोटो काढतात आणि विचारतात, किती जुनी?

१७५० ची नाहीये. फुलं सुंदर आहेत पण फुलांकडे नंतर बघू, आधी जाळी. ब्रसेल्सची जुनी हाताची जाळी, तिला द्रोशेल म्हणतात, ती लाकडी बॉबिनवर करायचे, म्हणजे उशीवर टाचण्या टोचायच्या आणि बॉबिनला गुंडाळलेले धागे एकमेकांवरून नेत जायचं, आपण गोफ विणतो ना, डिट्टो तसंच. तिचं घर षटकोनी असतं, समोरासमोरच्या दोन बाजूंना चार धाग्यांची वेणी आणि उरलेल्या चार बाजूंना नुसता दोन धाग्यांचा पीळ. शिवाय ही जाळी जेमतेम इंचभर रुंदीच्या पट्ट्यांत व्हायची, मग पट्ट्या सुईने जोडायच्या, इतक्या सफाईने की भिंग लावल्याशिवाय जोड दिसत नाही. तुमच्या फोटोत मी झूम करकरून बघितलं, वेणी कुठेच नाही, सगळीकडे पीळच, जोड नाही आणि घरं छापल्यासारखी एकसारखी. म्हणजे ही मशीनची जाळी, बॉबिननेट. जॉन हीथकोट नावाच्या इंग्रजाने १८०८-०९ मध्ये त्या मशीनचं पेटंट घेतलं. आता ज्या जाळीचं मशीनच १८०८ च्या आधी नव्हतं ती १७५० ची कशी असेल?

इथे एक गोची असते. जाळी फाटली की त्यावरची चांगली फुलं काढून नव्या जाळीवर लावायची पद्धत होती, त्यामुळे फुलं आजी आणि जाळी नात असंही होतं. म्हणून वय सांगताना त्यातली सगळ्यात नवी गोष्ट धरायची. तुमच्या फुलांची पाकळी बघा, उभे-आडवे धागे कापडासारखे दिसतात, ते बॉबिनचं काम. आणि मधल्या गाभ्यात काजाच्या टाक्यासारखे फास एकाला एक लागून आलेत, ते सुईचं काम. एकाच तुकड्यात दोन्ही, आणि हे सगळं जाळीवर टाचलेलं, ही ब्रसेल्सचीच सवय, तिथे एक बाई फुलं करायची, दुसरी ती जाळीवर लावायची. मागच्या बाजूला कापलेल्या धाग्यांची कुसळं नाहीत, मशीनच्या लेसमध्ये ती बऱ्याचदा सापडतात. तेव्हा फुलं हाताचीच. माझ्या अंदाजाने १८५० ते १९०० च्या मधलं काम असावं.

तर आजोबांनी शंभर-दीडशे वर्षं वाढवून सांगितली, गाव मात्र बरोबर सांगितलं. ४० युरोला मी पण घेतली असती. फ्रान्समधल्या आलाँसाँची सुईची लेस २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, तिच्या एका चौरस सेंटिमीटरला सात तास लागतात, तुमची काही तितकी बारीक नाही पण नवऱ्याला हा हिशोब ऐकवायला हरकत नाही. आणि पिवळसर रंगावर जाऊ नका हं, चहात बुडवून तो अर्ध्या तासात येतो.

प्रश्न : मडगावला सासूबाईंच्या ट्रंकेत जाड पांढऱ्या लेसची कॉलर मिळाली, घरात सगळे तिला "पोर्तुगीज" म्हणतात. एका रीलमध्ये दाखवलं होतं की धागा जाळून बघायचा, जाळू का?

उत्तर : नका हो! जाळून फार तर धागा कॉटनसारखा आहे, रेशमासारखा आहे की नायलॉनसारखा एवढं कळतं, कुठली आणि कधीची ते राखेत कसं दिसणार. तुम्ही पाठवलेल्या फोटोत फुलांना जोडणाऱ्या काड्यांना बारीक लव दिसतेय आणि टाके कुठल्याही दिशेने एकमेकांवर चढलेत, ही केमिकल लेस आहे. मशीनने एका कापडावर भरतकाम करायचं आणि खालचं कापड केमिकलने विरघळवून टाकायचं, मग उरतं ते नुसतं भरतकाम, लेससारखं. १८८० च्या दशकात हे सुरू झालं, मोठी केंद्रं जर्मनीत प्लाउएन आणि स्वित्झर्लंडमध्ये सेंट गॅलन. घरात पोर्तुगालहून आली असेलही, पण बनली तिथेच असं त्यावरून ठरत नाही. क्रोशाची असती तर सुईच्या आकड्याने ओढलेली साखळी दिसली असती, ती इथे नाही.

आणि धुवायची असेल तर ब्लीच अजिबात नको. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सपाट भिजत ठेवा, उचलताना खाली जुनी मच्छरदाणी घाला म्हणजे ओल्या लेसवर वजन येणार नाही, आणि पिळू नका. डाग राहिला तर राहू दे.