शोगीत व्यावसायिक कसं होतात?

प्रश्न : मुलगा बुद्धिबळ खेळतो, आता शोगीचं, म्हणजे जपानी बुद्धिबळाचं, वेड लागलंय. तिथले खेळाडू व्यावसायिक कसे होतात?
— एक पालक, नौपाडा, ठाणे

उत्तर : वाट शोरेइकाई या प्रशिक्षण संस्थेतून जाते, प्रवेशाला व्यावसायिक गुरू लागतो. खरी गाळणी तिसऱ्या दानच्या (दान म्हणजे खेळाडूच्या दर्जाची पायरी) लीगमध्ये. सहा महिन्यांत 18 डाव, पहिले दोघेच चौथ्या दानवर, म्हणजे व्यावसायिक. वयाच्या 26 वर्षांपर्यंत जमलं नाही तर सहसा बाहेर. फुजिइ सोता हे खेळाडू 2016 मध्ये 14 वर्षांचे असतानाच पोहोचले. सेगावा शोजी मात्र बाहेर पडून 2005 मध्ये, पस्तिशीत, खास परीक्षा देऊन आले. असा अपवाद धरून बसू नका!

चिरंजीवांना आधी एवढं सांगा : मारलेली सोंगटी आपली होते, रिकाम्या घरात उतरवता येते. पण एकाच उभ्या पट्टीत आपली दोन साधी (बढती न मिळालेली) प्यादी आली, की डाव तिथेच हरला.