कोकम सरबताचा छोटा बिझनेस आहे, पाऊच बंद करून कंपोस्टेबल पिशव्या घेऊ का?

आमचा गुहागरजवळ आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि अमृत कोकमचा (साखर घातलेलं गोड सरबत) घरगुती धंदा आहे म्हणून लिहितोय. तुम्ही म्हणताय थोडं महाग पडलं तरी चालेल, पण पिशव्यांची ऑर्डर देण्याआधी थोडं थांबा.

मी घेतल्या होत्या तसल्या. विकणारा म्हणाला मातीत विरघळतात, म्हणून पावसाआधी चार पिशव्या शेणखताच्या खड्ड्यात पुरल्या आणि दसऱ्यानंतर खत उपसताना चारही जशाच्या तशा निघाल्या, वर छापलेलं हिरवं पानसुद्धा गेलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं कारण गिऱ्हाइकांना मी स्वतः सांगितलं होतं की परसात पुरून टाका. मग कळलं की असल्या प्लास्टिकची टेस्ट बहुतेक 58 डिग्रीच्या आसपास, म्हणजे मोठ्या कंपोस्ट प्लांटच्या उष्णतेत होते, आपला खड्डा भर पावसात कुठला एवढा तापतोय.

तेव्हापासून काहीही घेताना आधी बघतो की माल संपल्यावर हे जाणार कुठे. चकचकीत पाऊचमध्ये प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते वेगळे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला हात लावत नाही. म्हणून मी काचेच्या बाटल्या घेतो. पण काच जड, बनवायला भट्टी लागते, एकदाच वापरून टाकली तर प्लास्टिकपेक्षा बरी असं नाही म्हणता येत. ती परत आली पाहिजे, आणि खरं डिझाइन तिथेच आहे.

आमचं पहिलं लेबल पक्क्या गमचं स्टिकर होतं. परत आलेल्या बाटल्या आई आणि काकू सुरीने खरवडत बसायच्या, तरी चिकटपणा राहायचाच. आता साधा कागद मैद्याच्या खळीने चिकटवतो, कोमट पाण्यात ठेवलं की अख्खा सुटून वर येतो. पावसाळ्यात कडा उचलतात, ते चालवून घेतो. झाकण पत्र्याचं घेऊ नका, आगळात मीठ आणि आंबटपणा दोन्ही, आमची महिन्याभरात गंजली होती. प्लास्टिकचं घ्या आणि दर वेळी नवीन लावा, बाटली सोड्याने धुऊन उकळायची ते वेगळंच.

बाटलीमागे 15 रुपये डिपॉझिट ठेवलंय. गावातल्या खानावळी आणि होमस्टे नियमित परत देतात. मुंबईला गेलेल्या फारशा येत नाहीत, पण गणपतीला येताना काही चाकरमानी पिशवीत घालून रिकाम्या बाटल्या आणतात आणि भरलेल्या घेऊन जातात, ते बघून लई बरं वाटतं.

स्टॉल लावत असाल तर स्टीलचे ग्लास ठेवा, प्लास्टिकचे कप आणि स्ट्रॉ तसेही 1 जुलै 2022 पासून देशभर बंद आहेत.

तुमचा माल जास्त कुठे जातो, आजूबाजूला की मुंबई-पुण्याला? कुरिअरनेच जात असेल तर बाटली परत येणं अवघड आहे, मग एकाच जातीच्या प्लास्टिकची जाड बाटली बघावी लागेल, जी भंगारात तरी जाईल.