‘झोप बरी आहे’ याला किती गुण?

ऐरोलीहून एका आईंचं पत्र आलंय. मुलगी मानसशास्त्रात एम.ए. करतेय आणि मनोविकारांवरच्या औषध-चाचण्यांमध्ये ‘रेटर’ व्हायचं म्हणते. आईंचा प्रश्न : “दिवसभर रुग्णांना प्रश्न विचारून आकडे भरायचे, यात कसलं करिअर?”

ताई, रक्तातली साखर यंत्र सांगतं. उदासपणा मोजणारं यंत्र नाही. तिथे तुमची मुलगीच यंत्र. नैराश्यासाठी हॅमिल्टन स्केल वापरतात, १९६० सालचं. त्यातल्या १७ बाबींपैकी तीन तर नुसत्या झोपेच्या. रुग्ण म्हणतो, “झोप बरी आहे.” कच्चा रेटर शून्य टाकून पुढे जातो. मुरलेला विचारतो, डोळा कधी लागला? मध्ये जाग येते? पहाटे? मग कळतं, गृहस्थ साडेतीनलाच जागे होतात आणि पहिल्या लोकलचा आवाज येईपर्यंत छताकडे बघत पडून असतात. त्या एका बाबीचे २ गुण. अशाच बेरजेत निम्मी घट झाली तर औषधाला ‘प्रतिसाद’ मिळाला म्हणतात, आणि बेरीज ७ किंवा खाली आली तर आजार ओसरला असं धरतात.

हिशेबातही मेख असते. स्किझोफ्रेनियाच्या ‘पॅन्स’ स्केलमध्ये ३० बाबी, प्रत्येकीला १ ते ७ गुण. म्हणजे लक्षण एकही नसलं तरी ३० होतातच. ९०वरून ६०वर आलेला रुग्ण वरवर तेहतीस टक्के सुधारलेला दिसतो. ते ३० वजा करा, पन्नास टक्के!

माझं मत विचाराल तर एम.ए. झाल्या झाल्या तिने या नोकरीत शिरू नये. आधी वर्ष-दोन वर्षं रुग्णांसोबत काढावीत. ठाण्याचं १९०१ सालचं मनोरुग्णालय तुमच्यापासून लांब नाही, तिथे इंटर्नशिपची चौकशी करा. पुढे रुग्णांवर उपचार करायची इच्छा असेल, तर आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागेल. रेटरचा अनुभव त्याची जागा घेत नाही. संख्याशास्त्राचा कंटाळा मात्र परवडणार नाही.

एक मोहही सांगून ठेवतो. रुग्णाला चाचणीत घ्यायला किमान ठरावीक गुण लागतात, तेव्हा भरतीच्या घाईत नकळत एखाददुसरा गुण वाढवला जातो. म्हणून मुलाखतीला जाईल तेव्हा तिने पगाराआधी एवढं विचारावं : एकच व्हिडिओ दाखवून सगळ्या रेटरांचे गुण ताडून बघता का, आणि किती दिवसांनी?