लिलावात घेतलेल्या घड्याळाची तबकडी ‘मूळ’ नाही, पैसे परत मिळतील का?

प्रश्न : जिनिव्हातल्या एका लिलावात ऑनलाइन बोली लावून मी १९५८ सालचे स्विस मनगटी घड्याळ घेतले. कॅटलॉगमध्ये ‘तबकडी मूळ’ असे स्पष्ट लिहिले होते. आठ महिन्यांनी, म्हणजे गेल्या आठवड्यात, सर्व्हिसिंगच्या वेळी कळले की तबकडी नंतर बसवलेली आहे. तळाशी ‘स्विस’च्या दोन्ही बाजूंना ‘टी’ अक्षर आहे. लिलावगृह म्हणते, माल आहे त्या स्थितीत विकला. पैसे परत मिळतील का? कारागीर त्या काळातली तबकडी शोधून बसवायला तयार आहे. बसवून घेऊ का?

उत्तर : तबकडीला हात लावू देऊ नका. तोच तुमचा पुरावा आहे. ‘टी’ ही ट्रिटियम या तबकडी अंधारात चमकवणाऱ्या किरणोत्सर्गी द्रव्याची खूण. १९५८ च्या चमकत्या तबकड्यांवर साधारणपणे रेडियम असे. ट्रिटियमची ही खूण रूढ झाली १९६० च्या दशकात. कारागिराकडून फोटोंसह लेखी अहवाल घ्या, घड्याळ बंद करून ठेवा आणि कॅटलॉगचे पान, कंडिशन रिपोर्ट (लिलावगृहाने दिलेला घड्याळाच्या स्थितीचा अहवाल), सगळे ईमेल आजच जतन करा.

तक्रारीत ‘बनावट’ हा शब्द मात्र वापरू नका. २०२१ मध्ये जिनिव्हातच ओमेगाचे एक स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकहून जास्त किमतीला गेले आणि २०२३ मध्ये खुद्द ओमेगानेच ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून केल्याचे जाहीर केले. तुमचे प्रकरण तसे दिसत नाही. तुमची तबकडी कदाचित कंपनीनेच सर्व्हिसिंगमध्ये बदललेली असेल, म्हणजे खरी, पण मूळ नव्हे. लिलावगृहांच्या अटींत बनावटीची व्याख्या सहसा फार अरुंद असते आणि बदललेले भाग तिच्यात बसत नाहीत. बनावटीविरुद्धच्या त्या हमीवर विसंबलात तर पहिल्याच उत्तरात अडकाल. तुमचा मुद्दा एवढाच ठेवा : ‘मूळ’ असे लेखी सांगितले, ते खरे नाही, आणि ते कळले असते तर मी ही बोली लावली नसती.

विक्रीच्या अटींत बहुधा स्विस कायदा लागू असेल. ते कलम आधी तपासा. स्विस दायित्व संहितेच्या (करारांविषयीच्या कायद्याच्या) कलम २३४ नुसार जाहीर केलेल्या अटींद्वारे विक्रेता दोषांची जबाबदारी, म्हणजे मालाची हमी, नाकारू शकतो, मात्र हेतुपुरस्सर फसवणुकीची नाही. म्हणजे ‘आहे त्या स्थितीत’ या उत्तराला वजन आहे, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. तरीही एखादा गुण नेमकेपणाने सांगून सरसकट अटीच्या आडून तोच नाकारणे प्रामाणिक व्यवहाराला धरून नाही, असे माझे ठाम मत आहे. कॅटलॉगमधले ते वाक्य तुमच्या बाजूचे सर्वांत बळकट वाक्य आहे.

दुसरा मार्ग मूलभूत गैरसमजाचा, म्हणजे ज्या गोष्टीवर विसंबून करार केला तीच खरी नव्हती असे सांगण्याचा, त्याच संहितेच्या कलम २४ चा. पिकासोच्या नावाने विकलेल्या एका चित्राच्या खटल्यात १९८८ साली स्विस संघीय न्यायालयाने मान्य केले की सदोष मालाच्या खरेदीदाराला हमीऐवजी गैरसमजाचाही आधार घेता येतो. कलम ३१ प्रमाणे गैरसमज लक्षात आल्यापासून एका वर्षात ‘हा करार मला बांधील नाही’ असे कळवावे लागते. न कळवल्यास करार मान्य केला असे धरले जाते. हमीच्या मार्गात मात्र दोष दिसताच लगेच कळवावे लागते, तिथे महिने मिळत नाहीत. म्हणून दोन्ही मुद्दे एकाच पत्रात घाला आणि ते याच आठवड्यात नोंदणीकृत डाकेने पाठवा.

पत्र लिलावगृहाला पाठवा, पण मूळ मालकाचे नावही मागा. लिलावगृह अनेकदा त्याच्या वतीने विकते आणि नाव गुप्त ठेवते, त्यामुळे दावा कोणावर करायचा हे आधी ठरायला हवे. हाती घेतलेल्या कामासाठी जिनिव्हातला वकील लागेलच. त्याचे शुल्क आणि मिळू शकणारी रक्कम यांचा हिशेब मांडल्यावर व्यवहार रद्द करण्याऐवजी किमतीतला फरक घेऊन तडजोड करणे तुम्हाला परवडेल. मात्र तडजोडीचा कागद सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवा.