शुगर नसलेल्या टीबीच्या रुग्णाला मेटफॉर्मिन द्यावं का?

तुमच्या वडिलांना फुप्फुसाचा टीबी निघालाय, औषधांचा दुसरा महिना चालू आहे, शुगर नाही. आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज आलाय की मेटफॉर्मिन ही डायबेटीसची गोळी प्रतिकारशक्ती वाढवून टीबी लवकर बरा करते. ती सुरू करावी का, असं तुम्ही विचारलंय. आधी उत्तर सांगते: स्वतःहून अजिबात सुरू करू नका. पण मेसेज पाठवणाऱ्यावर चिडूही नका, कारण त्यामागे खरं संशोधन आहे. मी फार्माकॉलॉजी शिकवते आणि हा विषय वर्गात आला की माझा तास हमखास लांबतो.

टीबीचा जंतू आपल्याच शिपायाच्या घरात राहतो. फुप्फुसात मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात, जंतू दिसला की गिळायचा हे त्यांचं काम. गिळलेला जंतू एका पिशवीत अडकतो आणि मग त्या पिशवीला तीव्र आम्ल आणि पाचक रसांनी भरलेली दुसरी पिशवी, लायसोसोम, येऊन मिळते. एरवी जंतू तिथेच संपतो. टीबीचा जंतू मात्र या दोन पिशव्या एकत्र येऊच देत नाही आणि आत बसून निवांत वाढतो. औषधं सहा सहा महिने घ्यावी लागतात, त्याचं हे एक कारण.

२०१४ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी दाखवलं की मेटफॉर्मिन पेशीतली एएमपीके नावाची यंत्रणा चालू करतं. त्याने त्या दोन पिशव्यांचं मीलन सुकर होतं, शिवाय पेशीतले मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीची ऊर्जाकेंद्रं, जंतूला घातक असे ऑक्सिजनचे रेणू जास्त तयार करतात. उंदरांमध्ये फुप्फुसाची हानी कमी झाली आणि नेहमीच्या औषधांचा जोर वाढला. मला यातली सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट अशी की इथे औषधाचा नेम जंतूवर नाही, आपल्या पेशीवर आहे. त्यामुळे नेहमीच्या औषधांना न जुमानणारे जंतूही पेशींमध्ये रोखले गेले. एमडीआर टीबीचे, म्हणजे मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचे रुग्ण ज्यांनी जवळून पाहिलेत, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

त्याच अभ्यासात डायबेटीस असलेल्या टीबी रुग्णांच्या नोंदीही तपासल्या होत्या. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचा आजार तुलनेने सौम्य दिसला. पण अशा नोंदी वाचताना जपून राहावं लागतं. किडनी फार बिघडली असेल तर मेटफॉर्मिन देतच नाहीत, म्हणजे ते घेणारे मुळातच जरा धडधाकट असू शकतात. गुण गोळीचा की माणसाच्या मूळ प्रकृतीचा, हे नोंदींवरून सुटत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून चाचणी घ्यावी लागते.

ती चाचणी आपल्याकडेच झाली. चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था तिच्यामागे होती आणि निष्कर्ष २०२२ मध्ये आले. औषधांना दाद देणारा टीबी असलेले ३२२ रुग्ण घेतले. एका गटाला नेहमीची चार औषधं, दुसऱ्याला तीच चार आणि रोज १००० मिलिग्रॅम मेटफॉर्मिन. बेडक्याचं कल्चर (जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याची तपासणी) निगेटिव्ह व्हायला मेटफॉर्मिनच्या गटाला ४२ दिवस लागले, दुसऱ्याला ४१. म्हणजे जंतू काही लवकर गेले नाहीत. निकाल वाचून मी खरंच हिरमुसले होते. मात्र सूज कमी झाली होती आणि एक्स-रेमध्ये फुप्फुसातल्या पोकळ्या कमी राहिल्या होत्या, आणि हेही क्षुल्लक नाही. टीबीतून बरी झालेली किती माणसं पुढे आयुष्यभर जिना चढताना धापा टाकतात! माझ्या मते या गोळीचा खरा उपयोग झालाच तर तिथे होईल. पण तेवढ्यावर आज ती सगळ्यांना द्यावी असं म्हणता येत नाही. मेटफॉर्मिनने मळमळ, जुलाब होतात. टीबीच्या गोळ्यांनी आधीच अन्न नकोसं झालेल्या माणसाचं वजन त्यात आणखी घटलं, तर फायदा राहिला बाजूला.

उलट शुगर असलेल्याला टीबी झाला तर काय होतं, ते मी माझ्या मामांच्या घरी पाहिलंय. ते वहीत रोज सकाळची शुगर लिहायचे. टीबीची औषधं सुरू झाली आणि तीन आठवड्यांत आकडा १५० वरून २८० वर गेला. मामी बिचारी भातावरून त्यांना बोलत बसली. पण दोष भाताचा नव्हता. टीबीच्या तापाने साखर वाढतेच, शिवाय रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध यकृताला इतकं कामाला लावतं की त्यांची शुगरची ग्लिक्लाझाइड ही गोळी शरीरात टिकेनाशी झाली होती. मी वही घेऊन डॉक्टरांकडे गेले, त्यांनी इन्सुलिन सुरू केलं, मग आकडे उतरले. मेटफॉर्मिनचं तसं होत नाही, ते यकृतात मोडत नाही, किडनीवाटे जसंच्या तसं बाहेर पडतं.

तेव्हा वडिलांसाठी इतकं करा. शुगर नाही हे शेवटचं कधी तपासलं होतं? टीबीच्या प्रत्येक रुग्णाची शुगर तपासायची असते, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. राहिली असेल तर याच आठवड्यात करून घ्या. ती जास्त निघाली, तर मेटफॉर्मिन कदाचित त्यांना मिळेलच, पण शुगरसाठी आणि किडनी तपासून. आणि पुढच्या वेळी जाल तेव्हा वजन करून घ्या. टीबीच्या गोळ्यांची संख्या वजनावर ठरते, वजन चांगलं वाढलं असेल तर गोळ्याही वाढवाव्या लागतात, आणि हे विचारायचं राहून जातं.