शिंपल्यांचा उत्प्रेरक आणि तेलाचा झालेला साबण

प्रश्न : दिवाळे कोळीवाड्यातून तिसऱ्यांचे टाकाऊ शिंपले आणून कॉलेजच्या मफल फर्नेसमध्ये (विजेच्या बंद भट्टीत) 600 अंश सेल्सिअसला दोन तास भाजले, कुटून बरणीत भरले. आठवड्याने ती पूड उत्प्रेरक म्हणून मेथनॉलबरोबर वडापावच्या गाडीवरच्या जळक्या तेलात घातली. बायोडिझेल झालेच नाही, दाट पांढरट लगदा झाला. चूक शिंपल्यांची की आमची? (विद्यार्थिनी, ऐरोली)

उत्तर : शिंपल्यांची मुळीच नाही. तिसऱ्या, कालवे, खुबे सगळ्यांचे कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे. आपल्याला हवी त्याची चुनकळी, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. 600 अंशांना चिकटलेले मांस जळते, कार्बोनेट मात्र बहुतांशी तसेच राहते. भट्टी 900 अंशांवर तीन तास ठेवा. मुशीत पूड पातळ पसरा आणि भट्टीचे धुराडे उघडे ठेवा. कार्बन डायऑक्साइड आत कोंडला तर भाजणे रेंगाळते.

भाजणे पुरे झाले का, हे तराजू सांगतो. धुऊन 105 अंशांना रात्रभर वाळवलेली 100 ग्रॅम पूड भाजून 55-56 ग्रॅम उरली पाहिजे. 70-80 भरली तर ती कच्ची. थंड झालेल्या चिमूटभर पुडीवर सौम्य आम्लाचा थेंब टाका. बुडबुडे फसफसून आले की कार्बोनेट शिल्लक आहे.

दुसरी चूक क्रमाची. आधी दळा, मग भाजा. भाजल्यावर कुटत बसलात की चुनकळी हवेतला ओलावा पिते आणि विरते. पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तिचे पुन्हा कार्बोनेट होते. नवी मुंबईच्या पावसाळी हवेत तर साध्या बरणीत आठवडा म्हणजे फारच झाला. भट्टी 200 अंशांच्या आसपास आली की मूस थेट डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी वापरा.

लगदा झाला तो मात्र तेलामुळे. पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलात मुक्त मेदाम्ले वाढतात, चुन्याशी त्यांचा कॅल्शियम साबण होतो. वापरण्याआधी तेल गाळा, 110 अंशांना तापवून पाणी उडवा आणि आम्लांक काढा, म्हणजे एक ग्रॅम तेलातले आम्ल मारायला किती मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागते ते मोजा. 5 ग्रॅम तेलाला 0.1 नॉर्मल पोटॅशियम हायड्रॉक्साइड 1.8 मिलिलिटरपेक्षा जास्त लागले, तर आम्लांक 2 च्या वर आहे. मग आधी तेलाच्या वजनाच्या 1 टक्का सल्फ्युरिक आम्ल आणि मेथनॉल घालून 60 अंशांना तास-दोन तास एस्टरीकरण करा, म्हणजे मुक्त मेदाम्लांचेही मेथनॉलशी जुळून बायोडिझेल होते. उरलेले आम्ल पूर्ण धुऊन, तेल पुन्हा कोरडे करून घ्या. आम्ल राहिले तर चुन्याचे जिप्सम होईल आणि उत्प्रेरक फुकट जाईल.

आता 100 ग्रॅम तेलाचे माप. मेथनॉल सुमारे 42 मिलिलिटर (तेलाच्या नऊपट मोल), उत्प्रेरक 4 ग्रॅम. एवढ्यासाठी सात-आठ ग्रॅम शिंपले पुरतात! आधी उत्प्रेरक मेथनॉलमध्ये अर्धा तास ढवळा, मगच तेल ओता. 60-63 अंश, जोरात ढवळणे, तीन तास, वर कंडेन्सर. मेथनॉल 64.7 अंशांना उकळते. त्याची वाफ आणि त्वचेवरचा स्पर्श दोन्ही विषारी, ज्योत उजेडात दिसत नाही. हा प्रयोग प्रयोगशाळेतल्या फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) करा, स्वयंपाकघरात कधीही नाही.

रात्रभर ठेवल्यावर ग्लिसरीन आणि उत्प्रेरक तळाशी बसतात. वरचा बायोडिझेलचा थर बारीक गाळून सायट्रिक आम्लाच्या सौम्य, कोमट पाण्याने धुवा, कारण थोडे कॅल्शियम विरघळून येतेच. बायोडिझेलच्या मानकांनुसार कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून किलोमागे 5 मिलिग्रॅमच चालते.

प्रश्न : वापरलेला उत्प्रेरक पाण्याने धुऊन परत वापरावा का? (वाचक, ठाणे पूर्व)

उत्तर : पाण्याने नको, विरून जाईल. मेथनॉलने दोनदा धुऊन ग्लिसरीन काढा, मेथनॉल फ्यूम हूडमध्ये पूर्ण उडू द्या आणि मगच पूड भट्टीत पुन्हा भाजा. दर फेरीला थोडी घट होतेच. उतारा घसरला की नवी पूड करा, शिंपल्यांना तोटा नाही. फक्त ते कोळीवाड्यातून किंवा खाणावळीतून आणा. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्यातून उचलू नका.