शुश्रूषेची रजा आणि 'भरवशाचा नाही' हा शेरा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा तक्रारीचा मसुदा मिळाला. आईच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी तू रजा घेतलीस आणि त्यानंतर सिडनीतल्या तुझ्या कंपनीने प्रकल्पाची जबाबदारी काढून घेऊन वार्षिक आढाव्यात 'भरवशाचा नाही' असा शेरा मारला, याचा संताप येणे साहजिक आहे. परंतु मसुद्याची पहिली दोन पाने त्या संतापातच खर्ची पडली असून प्रत्यक्ष काय घडले ते तिसऱ्या पानावर अर्ध्या ओळीत उरकले आहेस. हा क्रम उलटा कर.

ती रजा ही कुणाची मेहेरबानी नव्हती. ऑस्ट्रेलियाच्या 'फेअर वर्क ॲक्ट 2009' नुसार पूर्णवेळ नोकरदाराला स्वतःच्या आजारपणासाठी किंवा जवळच्या माणसाच्या शुश्रूषेसाठी वर्षाला 10 दिवस भरपगारी रजा मिळते आणि न वापरलेली रजा पुढे साठत जाते. जवळच्या माणसांत आईवडील, भावंडे, आजीआजोबा येतात, सासूसासरेही येतात; काका किंवा मावशी मात्र तुझ्या घरात राहत असतील तरच. (आपल्याकडचे कित्येक जण सासूच्या आजारपणात निष्कारण सुट्टीची रजा खर्च करतात.) कळवायचे शक्य तितक्या लवकर आणि मागितल्यास डॉक्टरांचा दाखला किंवा स्टॅट डेक (कायदेशीर लेखी प्रतिज्ञापन) द्यायचा, एवढेच तुझे कर्तव्य होते. पहाटे व्यवस्थापकाला पाठवलेल्या संदेशाचा स्क्रीनशॉट तुझ्या फोनमध्ये असेलच. तो आजच वेगळा जपून ठेव.

'बायको घरी असताना तुला रजा कशाला?' हे व्यवस्थापकाचे वाक्य तू 'अपमानास्पद बोलले' एवढ्यावर गुंडाळले आहेस. ते जसे इंग्रजीत उच्चारले गेले तसेच, तारखेसह आणि शेजारी कोण होते ते नमूद करून लिही, कारण तुझ्या प्रकरणाचा सगळा भार 'का' या एका प्रश्नावर आहे. रजेचा हक्क बजावल्यामुळे किंवा कुटुंबाच्या शुश्रूषेची जबाबदारी असल्यामुळे नोकरदाराचे नुकसान करायला हा कायदा मनाई करतो. अनेक कारणांपैकी ते एक कारण असले तरी पुरते आणि कारण ते नव्हतेच हे सिद्ध करण्याचा बोजा मालकावर असतो. मात्र एवढ्यावर निश्चिंत राहू नकोस. बेंडिगो येथील टेफ या सरकारी व्यवसायशिक्षण संस्थेच्या खटल्यात 2012 मध्ये तिथल्या उच्चतम न्यायालयाने निर्णय घेणाऱ्याच्या मनातले प्रत्यक्ष कारण महत्त्वाचे मानले, त्यामुळे व्यवस्थापकाने शपथेवर सांगितलेले दुसरे कारण न्यायालयाला पटले तर दावा तिथेच ढासळतो. ते पटू नये यासाठी रजेच्या आधीचा तुझा चांगला आढावा, रजेच्या तारखा आणि नंतर बदललेली वागणूक शेजारी शेजारी दिसली पाहिजे.

तक्रार कुठे करायची, याचा निर्णय घाईने घेऊ नकोस, पण मुदती विसरूही नकोस. तू अजून नोकरीत असल्यामुळे फेअर वर्क कमिशन (नोकरीविषयक वाद हाताळणारी राष्ट्रीय यंत्रणा) दोन्ही पक्षांची संमती असेल तरच तुम्हाला समोरासमोर बसवते. तुझ्या राज्याच्या, म्हणजे न्यू साउथ वेल्सच्या, भेदभावविरोधी यंत्रणेकडे घटनेपासून 12 महिन्यांत जावे लागते, तर ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे 24 महिन्यांच्या आत गेलेले बरे. दोन्हीकडे शुल्क नाही आणि भर तडजोडीवर असतो. उद्या नोकरीवरूनच काढले, तर कमिशनकडे अर्ज करायला केवळ 21 दिवस मिळतात आणि त्याच बडतर्फीसाठी एकाच वेळी अनेक दरवाजे ठोठावता येत नाहीत.

व्हिसाची धास्ती तू उघड लिहिली नाहीस, तरी ती ओळींमधून जाणवते. हे हक्क व्हिसावरच्या कामगारालाही तसेच लागू आहेत आणि तुझ्या 482 व्हिसावर (मालकाने प्रायोजित केलेल्या कामाच्या व्हिसावर) नोकरी सुटलीच, तर नवा प्रायोजक शोधायला एका वेळी 180 दिवसांपर्यंत अवधी मिळतो. तो दिलासा पुरेसा आहे असे मी म्हणणार नाही, परंतु शेऱ्यावर मुकाट सही करण्याएवढी तुझी बाजू लंगडी नाही. सही करावीच लागली, तर 'मजकूर मान्य नाही' असे तिथेच लिहून कर.

येत्या रविवारपर्यंत तारीखवार एक पानी तक्ता पाठव. मसुद्याची भाषा त्यानंतर पाहू. आईंना नमस्कार सांग.